गाण्यांच्या भेंड्या : अक्षर कुठून घ्यायचं, भेंडी कधी चढवायची?

सुट्ट्या, सहली आणि गणपतीचे दिवस जवळ आले की भेंड्यांविषयी हमखास विचारणा होते. या वेळच्या पत्रांतले चार प्रश्न निवडले आहेत.

आमच्या सोसायटीतली ८ ते १२ वर्षांची मुलं दर वेळी ‘शेवटचं अक्षर कोणतं’ यावरून भांडतात. नक्की नियम काय? – एक पालक, ठाणे

भांडण अक्षरावरून दिसतं, पण बहुतेक वेळा त्याचं मूळ गाणं कुठे थांबलं यात असतं. ‘ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा’ इथे थांबलात तर पुढच्या गटाला ‘स’ मिळतो. ‘पैसा झाला खोटा’पर्यंत गेलात तर ‘ट’ आणि ‘पाऊस आला मोठा’ म्हटलंत तर ‘ठ’. एकाच गाण्यातून तीन अक्षरं निघाली, मग वाद होणारच. उलट ‘सुखकर्ता दुःखहर्ता’च्या पहिल्या कडव्यात ‘विघ्नाची’, ‘जयाची’, ‘शेंदुराची’, ‘मुक्ताफळांची’ असं कुठेही थांबा, ‘च’च येतो.

म्हणून खेळाआधीच ठरवून टाका: ध्रुवपद किंवा पहिलं कडवं पूर्ण म्हणायचं आणि ते संपेल तिथलं अक्षर घ्यायचं. मध्येच सोयीच्या अक्षरावर थांबायचं नाही. मोठ्या मुलांना अवघड अक्षर देऊन पेचात पकडायची मजा हवी असते. त्यांच्यासाठी दोन ओळींनंतर कुठेही थांबायची मुभा ठेवा, पण तीही सगळ्यांना सारखी.

बाकीचं सोपं आहे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सोडून द्यायचे, ‘मोठा’चा ‘ठ’. जोडाक्षरातलं शेवटचं व्यंजन धरायचं, ‘वार्ता’चा ‘त’. ‘बाई’सारखा शेवट असेल तर ‘इ’ किंवा ‘ई’ काहीही चालेल. ‘चमचा’तला च आणि ‘चिमणी’तला च वेगळे उच्चारले जातात, तरी अक्षर एकच, त्यामुळे भेद करायचा नाही. निवाडा करायला एक जण नेमा. त्याने वहीत प्रत्येक गाण्याचे पहिले दोन शब्द लिहीत जायचं, म्हणजे ‘हे आधी झालंय’ची तक्रार तिथेच मिटते.

ण, ळ आले की खेळ अडतो. ठ, ढ, झ आले की मुलं गप्प होतात. काय करावं? – ग्रंथालय सेविका, सांगली

‘ण’ आणि ‘ळ’ने मराठीत शब्दच सुरू होत नाही, तेव्हा यात मुलांची चूक काहीच नाही. ‘ण’ला ‘न’ आणि ‘ळ’ला ‘ल’ घ्यायचा, ही रीत सगळीकडे चालते. ‘घालीन लोटांगण, वंदीन चरण’वर थांबलं तर ‘न’ द्या. पुढे ‘डोळ्यांनी पाहीन रूप तुझे’पर्यंत गेलं तर मात्र ‘झ’ गळ्यात पडतो!

अवघड अक्षरांवर आमच्या मते सगळ्यात चांगला उपाय म्हणजे गाण्याच्या मधल्या ओळीवरून सुरुवात करू देणं. मग ‘चांदोबा चांदोबा भागलास का’ हे गाणं ‘च’ला चालतं तसंच ‘लिंबोणीच्या झाडामागे’ म्हणून ‘ल’लाही चालतं. मुलांचा साठा एकदम वाढतो आणि गाणं पूर्ण पाठ असण्याला किंमत येते. तेवढ्यानेही भागलं नाही तर प्रत्येक गटाला एका डावात एकदाच ‘बदली’ द्या: शेवटच्या शब्दाचं पहिलं अक्षर घ्यायचं. ‘मोठा’वर अडलं तर ‘म’.

आरत्या, अभंग, भोंडल्याची गाणी मोकळेपणाने चालू द्या. अवघड अक्षरं तिथेच सुटतात. ‘ठ’ला तुकोबांचा ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ आहे. त्याचं पहिलं कडवं ‘समाधान’वर संपतं, म्हणजे ‘न’. मग ‘नाच गं घुमा, कशी मी नाचू’. पुन्हा ‘च’, चांदोबा आहेच. तो ‘लपलास का’वर संपला की ‘क’ला ‘कारल्याचा वेल लाव गं सुने’. ‘य’ आला की ‘युगे अठ्ठावीस विटेवरी उभा’, ‘द’ आला की ‘दुर्गे दुर्घट भारी’. गणपतीत रोज आरती म्हणणाऱ्या मुलांनाही या आरत्या भेंड्यांत चालतात हे सुचत नाही. सुरुवातीला एकदा सांगावं लागतं.

वर्गात ४० मुलं आहेत. दोन गट केले की चार-पाच मुलंच गातात, बाकीची गप्पा मारतात. – प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

४० मुलांचे दोन गट म्हणजे एका गटात २०. इतक्यांत गप्प बसणाऱ्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. पाच-पाचांचे आठ गट करा आणि चार-चार गटांची दोन रिंगणं वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवा. एकाच्या गाण्याचा दुसऱ्याला त्रास होत असेल तर एक रिंगण व्हरांड्यात.

गाणं कुणीही सुचवावं, पण सुरू करायचं पाळीनेच. पाळी असलेल्याने पहिले दोन-तीन शब्द एकट्याने म्हणायचे, मग पूर्ण गटाने उचलायचं. लाजाळू मुलाला तेवढे शब्द जमतात, कारण लगेच चौघांचा आवाज सोबतीला येतो. सूर त्याचाच राहू द्या. मोठ्या माणसाने खालच्या सुरात गाणं काढून दिलं की मुलांचा आवाज तिथे पोचत नाही आणि ती गायचं सोडून बोलायला लागतात.

वेळेत गडबड होते ती दहा आकडे भरभर मोजण्यामुळे. सात-आठ वर्षांच्या मुलांना अक्षर ऐकून, गाणं आठवून, आपसात ठरवायला अर्धं मिनिट तरी द्या. शेवटचे दहा आकडे दुसऱ्या गटांनी मोठ्याने मोजले की हवी तेवढी चुरस येते. वेळ संपली की भेंडी चढवा, पण कुणालाही बाद करू नका. बाद होणारा गट बहुधा कमी गाणी येणाऱ्यांचाच असतो, आणि त्यांनीच जास्त वेळ खेळायला हवं. अडलेलं अक्षर पुढच्या गटाकडे द्या. तिथे गाणं निघालं तर भेंडी चढलेल्या गटानेही ते सोबत म्हणायचं.

आमची मुलं मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. त्यांना भेंड्या जमतील का? – एक आई, न्यू जर्सी

जमतील. लिपी बाजूला ठेवा आणि कानावर खेळा. ओळीतला शेवटचा स्वर-व्यंजनाचा तुकडा लांबवून म्हणा, ‘मोठाऽऽ’, आणि मग ‘ठ, ठ’ असं दोनदा ऐकवा. इंग्रजीच्या सवयीमुळे त आणि ट, द आणि ड या जोड्यांत मुलांचा घोटाळा होतो. पहिल्या काही खेळांत जोडीतलं कुठलंही अक्षर मान्य करा. कान तयार झाला की एकेक जोडी वेगळी काढा, आधी त-ट.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अक्षरच नको. पाऊस, मोर, चांदोबा, गाडी, आई अशा दहा-बारा चित्रांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका. निघालेली गोष्ट ज्यात आहे ते गाणं म्हणायचं. पंधरा मिनिटांत थांबवा. त्यापुढे ही मुलं कंटाळून चिठ्ठ्याच फाडतात.