सामुराईंचे रंग: तो तक्ता बाजूला ठेवा

‘लाल म्हणजे शौर्य, काळा म्हणजे निष्ठा, पांढरा म्हणजे शुद्धता’ हा तक्ता खरा आहे का, आणि एकांकिकेची वेशभूषा त्यावरून करू का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. असा पक्का संकेत नव्हता. एखाद्याने काय रंग घातलाय त्यावरून तो कोणाच्या पदरी आहे, प्रसंग कोणता आहे आणि खिसा किती जड आहे, एवढं मात्र कळायचं.

लालच घ्या. १५८२ मध्ये ताकेदा घराणं बुडालं आणि त्यांचे बरेच लढवय्ये तोकुगावा इएयासुने (हाच पुढे शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश झाला) आपला सरदार ई नाओमासाच्या हाताखाली दिले. ताकेदांच्या एका नावाजलेल्या तुकडीची चिलखतं लाल असायची. नाओमासाने तो रंग उचलला आणि आपलं अख्खं पथक लाल केलं. शत्रूला लांबून धडकी भरावी आणि आपली माणसं धुळीत ओळखू यावीत, हा त्यातला सरळ हिशोब.

शब्दावरून अर्थ चिकटलेला रंग एकच मला ठाऊक आहे. नीळ इतकी गडद की जवळजवळ काळी दिसावी, तिला ‘काची’ म्हणतात, आणि जपानीत ‘काची’ म्हणजे विजयसुद्धा. लढाईला निघालेल्याला असा शकुन कोण सोडेल?

पांढऱ्याबद्दल मात्र सांभाळून. सेप्पुकूला, म्हणजे स्वतःचं पोट चिरून मरण्याच्या विधीला, बसणाऱ्याच्या अंगात पांढरा किमोनो आणि त्यावर फिकट निळसर ‘असागी’ रंगाचा, नक्षी नसलेला कामिशिमो (ताठ खांद्यांचं बिनबाह्यांचं वरचं वस्त्र आणि हाकामा हा घोळदार पायजमा) असे. गंमत म्हणजे एदोत (आजच्या तोक्योत) हाच असागी थट्टेचा विषय होता. गावाकडच्या सामुराईंच्या कपड्यांना असागी अस्तर असायचं, म्हणून शहरी लोक त्यांना ‘असागी-उरा’ म्हणजे ‘असागी अस्तरवाले’ म्हणून हिणवत. रंग तोच, आता बसवा त्याला तक्त्यात!

एदो काळाच्या (१६०३ ते १८६८) शांततेत खरी चैन बारीक ठिपक्यांत होती. दरबारी कामिशिमोचं कापड चार पावलांवरून साधं राखाडी वाटतं. नाक लावून पाहिलं की मोहरीहून बारीक पांढरे ठिपके दिसू लागतात. पर्सिमनच्या रसाने टणक केलेल्या कागदात भोकं पाडायची, त्यातून तांदळाची खळ कापडावर ओढायची आणि मग रंगवायचं. खळ बसलेली जागा पांढरी राहते. घराणी आपापली नक्षी राखून असत. सात्सुमाच्या शिमाझूंची लहानमोठ्या गारांची, किशूच्या तोकुगावांची शार्कच्या कातडीसारखी. तुमचा प्रसंग दरबारातला असेल तर भडक सॅटिन अजिबात नको.

भडकपणा हवाच असेल तर जिंबाओरी दाखवा, चिलखतावरचा बिनबाह्यांचा डगला. सेकिगाहाराच्या लढाईत (१६००) ऐन वेळी बाजू बदलणाऱ्या कोबायाकावा हिदेआकीचा म्हणून सांगितला जाणारा एक तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लालभडक लोकरी बनातीचा, पाठीवर एकमेकांवर आडवे टाकलेले दोन विळे. त्या काळी जपानात लोकर होत नव्हती. असलं परदेशी कापड पोर्तुगीज जहाजांतून यायचं, आणि ती जहाजं गोव्याहून मलाक्का, मकाव करत नागासाकीला पोचायची. म्हणजे त्या लालीचा पहिला अर्थ ‘मला हे परवडतं’ असाच.

आता एक पदरचं. तोक्योच्या पश्चिमेला मिताके डोंगरावरच्या देवस्थानात जुनं लाल दोऱ्यांनी गुंफलेलं चिलखत आहे, आपल्या मंजिष्ठेच्या कुळातल्या अकाने मुळीने रंगवलेल्या दोऱ्यांचं. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) त्याची डागडुजी झाली तेव्हा नवे दोरे रासायनिक रंगाचे घातले. आज ते नवे दोरे फिकट गुलाबी पडलेत आणि शेकडो वर्षांपूर्वीचे लालच आहेत. फोटोवरून रंग उचलणार असाल तर आधी कुठला दोरा बघताय ते तपासा.

एकांकिका कोणत्या सालातली आहे ते कळवलंत, तर पात्रागणिक कपडे सुचवतो.