ते साडेतीन लाख मशीनचे नाहीत, त्या पोराचे आहेत

सांगलीकडच्या एका वाचकाचं पत्र आहे, थोडक्यात देतो.

"कुपवाड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये माझा फर्निचरचा छोटा कारखाना आहे. वय ३८, घरी बायको, दोन मुलं, आई. चार माणसं कामाला. टीव्ही युनिट, वॉर्डरोब, हल्ली फ्लूटेड (ओळीने खाचा मारलेल्या) पॅनलला खूप मागणी. फ्लूटेडच्या खाचा बाहेरून मारून आणतो, ३० रुपये फूट, महिन्याला १४ हजार जातात. बॅक पॅनलच्या खाचा आपल्याच टेबल सॉवर (टेबलाला बसवलेल्या गोल करवतीवर) मारतो. आता सीएनसी राऊटर (कॉम्प्युटरवर चालणारं खाचा, डिझाईन कोरायचं मशीन) घ्यायचा विचार आहे, ७.८० लाख अधिक १८ टक्के जीएसटी. विकणारा म्हणतो जीएसटी परत मिळतो, घसाऱ्याने टॅक्स वाचतो आणि जॉबवर्कचे महिन्याला लाखभर सहज येतील. एफडीत साडेतीन लाख आहेत ते डाऊन पेमेंट, बाकी लोन. लोन लवकर व्हावं म्हणून बँकेतल्या साहेबांनी एक पॉलिसी घ्यायला लावली, वर्षाला ७५ हजार, १० वर्षं भरायचे, १८ वर्षांनी १४ लाख गॅरंटीड. ती येऊन १८ दिवस झाले. दुसऱ्या एकाने साधं खाचा पाडायचं मशीन दाखवलंय, २.४० लाख अधिक जीएसटी, पण ते सरळ खाचाच पाडतं. सीएनसीचा अजून एक फायदा म्हणजे सेफ्टी, २०२५ च्या गणपतीआधी खाच मारताना आमच्या जतच्या हेल्परची दोन बोटं गेली, दवाखाना मीच केला आणि वर ६० हजार देऊन मिटवलं, लिहून पण घेतलंय. पोरगा २४ वर्षांचा आहे, अजून आमच्याकडेच आहे, आता पॉलिशला असतो म्हणून ६०० ची हजेरी ४०० केली. तर सीएनसी घेऊ का?"

नमस्कार. सीएनसीचं उत्तर खाली देतोच, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात महागडी ओळ मशीनची नाहीये, "६० हजार देऊन मिटवलं" ही आहे. त्याच्याही आधी एक काम, कारण त्याला तारीख आहे.

ती पॉलिसी रद्द करा, या आठवड्यातच. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस फ्री लूक, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत असते, तुमच्याकडे १२ दिवस उरलेत. कंपनीला लेखी अर्ज, शाखेत दिलात तर पोच घ्या, ईमेलही करून ठेवा, स्टँप ड्युटीसारखी किरकोळ रक्कम कापून पैसे परत येतात. साहेब म्हणतील साडेसात लाखांचे १४ लाख, जवळजवळ दुप्पट. पण १८ वर्षं लागतात हो, हिशेब केला तर वर्षाला पावणेपाच टक्के पडतात. आणि हे पावणेपाच मिळवायला तुम्ही त्याच बँकेकडून ११ टक्क्यांनी कर्ज घेणार. कर्जासाठी पॉलिसीची सक्ती बँकेला करताच येत नाही, आणि छोट्या उद्योगाच्या एवढ्या कर्जाला तारणसुद्धा मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पॉलिसी काढल्याशिवाय लोन होणार नाही असं कोणी म्हणालं तर तेच कागदावर लिहून मागा, कोणी देत नाही. मला या प्रकाराचा मनापासून संताप येतो, कारण ज्याला कर्जाची गरज आहे त्याच्याच खिशातून हा प्रीमियम काढला जातो आणि तो माणूस "लोन तर होईल ना" म्हणून गप्प सही करतो.

आता पोराचं.

कामावर असताना, कामामुळे माणूस जखमी झाला तर मालकाने भरपाई द्यायची, हा कायदा १९२३ पासून आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण तुमचा अपघात त्याच्या आधीचा, म्हणजे जुनाच हिशेब धरू. माणसं चार आहेत म्हणून सुटका नाही, १० माणसांची अट ईएसआयला (सरकारी कामगार विमा योजनेला) असते, इथे विजेवर चालणारं मशीन आणि पगारी माणूस एवढं पुरतं. चूक कोणाची हाही प्रश्न फारसा उरत नाही. मशीनचं गार्ड कामगाराने मुद्दाम काढलं असेल तर मालकाला काही बचाव असतो, पण टेबल सॉवर बॅक पॅनलची खाच मारायची म्हणजे ब्लेड बोर्डाच्या आरपार जात नाही, त्यामुळे ब्लेडमागच्या पट्टीवर बसवलेलं गार्ड काढूनच काम करावं लागतं, आणि तुमच्या शेडमध्ये ते काम तुमच्याच सांगण्यावरून चालतं.

हिशेब असा. ६०० हजेरी, २६ दिवस, १५,६०० होतात, कायदा १५ हजारांपर्यंतच धरतो. त्याचे ६० टक्के म्हणजे ९ हजार. २४ वर्षांच्या माणसाला वयाचा गुणक २१८ च्या आसपास. गुणलं की साडेएकोणीस लाख, ही पूर्ण कायमच्या अपंगत्वाची रक्कम. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात २० टक्के लिहिलेत. म्हणजे ३.९ लाख. दवाखान्याचा खर्च यात येत नाही, तो वेगळा, तो तुम्ही केलात ते बरोबरच केलंत. तुम्ही दिले ६० हजार. राहिले ३.३ लाख.

लिहून घेतलेल्या कागदाचा आधार वाटत असेल तर तो सोडा. हक्क सोडल्याचा असा करार कायद्याने रद्दबातल आहे, रकमेवर तडजोड करायची असेल तर ती कामगार भरपाईच्या कमिशनरकडे नोंदवावी लागते आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदवायला नकार देऊ शकतात. पोराला अपघातापासून दोन वर्षांत दावा करता येतो, उशीर झाला तरी योग्य कारण असेल तर तो माफ होतो. आणि दावा झाला तर महिन्याभरात पैसे दिले नाहीत म्हणून १२ टक्के व्याज, वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. आज ३.३ लाखांत सुटणारी गोष्ट सहा लाखांच्या घरात जाऊ शकते, आणि धंदा तुमच्या एकट्याच्या नावावर असल्याने वसुली घरापर्यंत येते. पण मी तुम्हाला कोर्टाची भीती दाखवायला हे लिहीत नाहीये. तो पोरगा बहुतेक कधी दावा करणारच नाही, जतहून आलेला, तुमच्याकडेच काम करतोय, त्याला हा कायदा माहीतसुद्धा नसेल. त्याने मागितले नाहीत म्हणून ते पैसे तुमचे होत नाहीत. २४ वर्षांचा आहे, अजून ३५ वर्षं तरी हातावरच पोट आहे, आणि अपघातानंतर त्याची हजेरी वर गेली नाही, २०० ने खाली आली. महिन्याला पाच हजारांचं नुकसान. तुम्ही दिलेले ६० हजार एका वर्षाच्या पगारकपातीत परत तुमच्याकडेच आलेत, हे तुमच्या लक्षात आलं नसेल असं मी धरून चालतो, कारण पत्रावरून तुम्ही वाईट माणूस वाटत नाही, ज्याने दवाखाना स्वतः केला तो वाईट नसतो.

तेव्हा एफडीतले साडेतीन लाख हे डाऊन पेमेंट नाही. त्यातले ३.३ लाख त्याचे आहेत. सांगलीत कामगार कायद्याचं काम करणारा वकील गाठा, रक्कम रीतसर कमिशनरमार्फत द्या, हातात रोख देऊ नका, नोंद नसेल तर ती दिलीत हे उद्या सिद्ध करणं अवघड जाईल. हजेरी परत ६०० करा. आणि त्याच्या खात्यात पैसे आले की त्याला सांगा की बँकेत कोणी गॅरंटीड काही दाखवलं तर सही करायच्या आधी मला विचार.

मग उरलेल्या तीन माणसांचं काय? कामगार भरपाईची पॉलिसी मिळते, कुठलीही जनरल इन्शुरन्स कंपनी देते. चौघांची वर्षाची मजुरी साडेसात लाख धरली तर प्रीमियम काही हजारांत बसतो, लाकूडकामाला दर जरा जास्त लागतो म्हणून फार तर पंधरा-वीस हजार धरा, दोन-तीन कोटेशन घ्या. दवाखान्याचा खर्च त्यात जोडून घ्या, तो आपोआप नसतो. मजुरी खरी लिहा, प्रीमियम वाचवायला कमी दाखवली की क्लेमच्या वेळी तेवढाच कमी मिळतो. आणि गणपती-दिवाळीला चार दिवसांसाठी जादा माणूस आणता तोही धरून घ्या, नवख्या माणसाचाच हात आधी जातो. ही पॉलिसी २०२५ मध्ये असती तर आज हे पत्र नुसतं मशीनबद्दल असतं.

तुम्ही स्वतः तिच्यात येत नाही, तुम्ही मालक. मशीनवर तर तुम्हीही उभे राहता. पर्सनल ॲक्सिडेंट घ्या, बोट गेलं तरी टक्केवारीने पैसे देणारी आणि घरी बसावं लागलं तर आठवड्याला रक्कम देणारी. वर ७५ लाख-एक कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स, तुमच्या वयाला वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास. त्या ७५ हजारांच्या पॉलिसीत तुमचं काही बरंवाईट झालं असतं तर घरी साडेसात लाख आले असते, दोन मुलं आणि आई त्यात किती दिवस काढणार?

आता सीएनसी. ७.८० वर जीएसटी म्हणजे ९.२, धूळ ओढायचं युनिट, स्टॅबिलायझर, भाडं धरून १० लाख. जीएसटी परत मिळतो तो रेग्युलर करदात्याला. तुमच्या पत्राबरोबर जोडलेले कागद बघितले, तुम्ही कंपोझिशनमध्ये (विक्रीवर ठरावीक टक्के भरायच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) आहात, तुम्हाला एक रुपया परत मिळणार नाही, १.४ लाख गेले. घसाऱ्याचंही तेच, तुम्ही छोट्या धंद्यांच्या अंदाजी नफ्याच्या योजनेखाली विक्रीच्या ८ टक्के नफा दाखवून रिटर्न भरता, त्यात घसारा आधीच धरलेला असतो, वेगळा वाचत नाही. म्हणजे विकणाऱ्याची दोन वाक्यं तर इथेच पडली.

तिसरं वाक्य लाखभराच्या जॉबवर्कचं. साडेतीन लाख भरले असं धरू, साडेसहा लाखांचं लोन, ११ टक्के, पाच वर्षं, ईएमआय १४ हजार. ऑपरेटर १८ हजार, वीज आणि बिट सात हजार. महिन्याचा खर्च ३९ हजार, तुमचे वाचणार १४. खड्डा २५ हजारांचा. आठ बाय चारचा बोर्ड ३२ चौरस फूट, ३० रुपयांनी ९६० रुपये, म्हणजे महिन्याला बाहेरच्यांचे २६ बोर्ड, रोज एक, तेव्हा कुठे शून्यावर याल. हे अशक्य नाही. पण लाखभरासाठी १०४ बोर्ड लागतात, रोजचे चार, आणि तुम्ही स्वतः चालू धंद्यात महिन्याला जेमतेम १५ बोर्ड खाचा मारायला देता. तुमच्यासारखी सात गिऱ्हाईकं लागतील. तुम्ही जिथून खाचा मारून आणता त्यांच्याकडे मशीन किती तास रिकामं असतं ते विचारा, विकणाऱ्याला विचारू नका. शिवाय तयार डब्ल्यूपीसी लूव्हर आणि चारकोल पॅनल दुकानात मिळायला लागलेत, ते सरळ भिंतीला लागतात, खाच मारायची गरजच नाही. पाच वर्षांचं कर्ज अशा फॅशनवर काढायचं ज्याचं दुसऱ्या वर्षाचं मला सांगता येत नाही, नको. माझं उत्तर नाही असं आहे.

ते दुसरं साधं मशीन मला जास्त पटतंय. वर शाफ्टवर कटर, खाली रोलर, बोर्ड इकडून सरकवला की तिकडून खाचा पडून बाहेर, हात कटरपर्यंत जातच नाही. सेफ्टीसाठी सीएनसी हवं म्हणालात ना, सेफ्टी यातही मिळते, सात लाख जास्त न घालता. जीएसटी धरून २.८३ लाख. पंचवीस टक्के तुमचे, २.१ लाखांचं लोन, तीन वर्षं, ईएमआय ७ हजार. तुमच्या १४ हजारांतलं सरळ खाचांचं काम ११ हजारांचं असेल असा माझा अंदाज, डिझाईनचं बाहेरच राहू द्या. वीज-कटर दोन हजार वजा केले तरी पहिल्या महिन्यापासून दोन हजार हातात राहतात. लाखभर नाहीत, दोन हजार. पण ते कुणाच्या भरवशावर नाहीत.

मात्र आत्ता लगेच नाही. पोराचे दिले, पॉलिसीचे ७५ हजार परत आले, विमे घेतले की हातात साठ-सत्तर हजार उरतील आणि ते घरासाठी राहू द्या, आई घरात आहे, आजारपण कधीही येतं. मार्जिनचे ७० हजार पुढच्या सहा-आठ महिन्यांत जमवा. तोपर्यंत बॅक पॅनलच्या खाचासुद्धा बाहेरून मारून आणा, महिन्याला तीन-चार हजार जास्त जातील, जाऊ द्यात, गार्ड काढून त्या टेबल सॉवर आता कोणालाच उभं करू नका.

आणि मशीन बघायला जाल तेव्हा तुमच्या नेहमीच्या १८ एमएमचे दोन बोर्ड गाडीत टाकून न्या, समोर खाच पाडून घ्या, दोन्ही टोकांना खोली सारखी येते का मोजा, कटरवरचं झाकण पक्कं आहे का, इमर्जन्सीचं बटण हाताच्या टप्प्यात आहे का बघा. पोरालाही बरोबर न्या. बोर्ड सरकवायला आणि पलीकडून धरायला तीन बोटांचा हात पुरतो का ते त्यालाच करून बघू दे, पुरत असेल तर मशीन त्याच्याच हाती द्या, ६०० च्या हजेरीवर.