जुन्या गाडीचं कूलिंग: सुरुवात कुठून करायची

गाडी १५ वर्षांची आहे म्हणून घाबरू नकोस, तिचं कूलिंग आणि एसी नीट करणं जमण्यासारखं आहे. फक्त एसीच्या आधी इंजिनाचं कूलिंग हाती घे. घोडबंदर रोडवर तासभर अडकलास आणि तापमानाचा काटा लालपर्यंत चढला, तर एसी कुणाला आठवणार?

रेडिएटरचे होज (रबरी नळ्या) थंड गाडीत, क्लॅम्पजवळ दाबून बघ. फुगलेला, लिबलिबीत किंवा कडक होऊन चिरलेला होज सरळ बदल. सोबत थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) आणि रेडिएटरची कॅप, म्हणजे झाकणही. कॅप स्वस्त म्हणून सगळे विसरतात, पण तिने दाब धरला नाही तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) लवकर उकळतं. इंजिन गरम असताना मात्र कॅपला हात लावायचा नाही, कितीही घाई असो.

नेहमीच्या चुका:
- नळाचं पाणी भरणं. आत क्षार आणि गंज साचतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापर.
- गळती न शोधता दरवर्षी एसीचा गॅस भरणं. गॅस वापरून संपत नाही, गळतो. गॅसचं काम गॅस भरायचं मशीन असलेल्याकडेच दे. सिस्टीम उघडली तर ओ-रिंग (सांध्यांचे रबरी सील) आणि ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) नवे घालायला सांग.

मोकळ्या पाम बीच रोडला वेगात गार आणि सिग्नलला गरम हवा येते? आधी कंडेन्सरचा (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा) पंखा तपास, कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबणाऱ्या पंपाच्या) खर्चाला लगेच हो म्हणू नकोस.