इंजिन बंद केल्यावर येणारी टिकटिक, पंखा आणि गुळगुळ

गाडी बंद केल्यावर खालून टिकटिक येते, पंखा आपोआप फिरत राहतो आणि डॅशबोर्डमागे गुळगुळ ऐकू येते. हे सगळं एकाच बिघाडाचं लक्षण आहे का, असं तुम्ही विचारलंय. तिघांची कारणं वेगळी आहेत. पहिल्या दोघांची सहसा काळजी नको, तिसऱ्याकडे लक्ष द्या.

टिकटिक म्हणजे तापलेला धातू आखडण्याचा आवाज. एक्झॉस्टचे, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे, भाग कित्येकशे अंशांपर्यंत तापतात. मीटरभर लांबीची पोलादी नळी 400 अंशांनी निवली की जवळपास 5 मिलिमीटर आखूड होते. पण ती बोल्ट-क्लॅम्पांनी जखडलेली असते, म्हणून अडते आणि मग एकदम सुटते: टिक्. तिच्यावरचं पातळ पत्र्याचं हीट शील्ड लवकर निवतं, त्याचीही भर पडते. एकदा गाडीशेजारी उभं राहून ऐका. सुरुवातीला पाठोपाठ टिका पडतात, मग पाच-सहा सेकंदांनी एखादी, मग शांतता, आणि तुम्ही निघालात की मागून अजून एक. असं मंदावत जात असेल तर खुशाल गाडी लॉक करून जा.

पंख्याचं कारण जरा उलटं वाटेल. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, खेळवणारा वॉटर पंप बहुतेक गाड्यांत इंजिनच फिरवतं, त्यामुळे इंजिनाबरोबर तोही थांबतो. कूलंट जागच्या जागी उभं राहतं, सिलिंडर हेडची उष्णता त्यात उतरतच राहते आणि बंद केल्यावर काही मिनिटं त्याचं तापमान चढतं. म्हणून किल्ली काढल्यावरही पंखा लागू शकतो. (बोनेट उघडून तिथे हात घालू नका, तो न सांगता सुरू होतो.) डिझेल गाडी डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, सफाई चालू असताना मध्येच बंद केली तरी पंखा जोरात फिरतो आणि जळकट वास येतो. पंखा थंड गाडीतही थांबत नसेल तर मात्र रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) चिकटलेला असू शकतो. सकाळपर्यंत बॅटरी उतरेल.

आता गुळगुळ. एसी बंद झाल्यावर थोडा वेळ येणारी सूं-सूं गॅसचा दाब समान होण्याची, ती सोडून द्या. पण पाणी खळखळल्यासारखा आवाज बहुधा हीटरच्या नळ्यांत शिरलेल्या हवेचा असतो, आणि हवा शिरते ती कूलंट कमी झाल्यावर. मी हे दोन महिने अंगावर काढलं. दर पंधरवड्याला टाकीत थोडं कूलंट ओतायचं आणि विसरायचं. एका संध्याकाळी टिकटिकीत चुर्र असा आवाज मिसळला, तापल्या तव्यावर थेंब पडावा तसा, सोबत गोडसर वास. टॉर्च मारली तर वॉटर पंपाखालून ओघळ, त्याच्या कडेला वाळलेला पांढरट थर, आणि थेंब थेट एक्झॉस्टवर. पंपाचं सील गेलं होतं. गॅरेजवाला माझ्याकडे बघून नुसता हसला.

राहता राहिला काही पेट्रोल गाड्यांत बंद केल्यावर कित्येक तासांनी मागून येणारा गूं आवाज. पेट्रोलच्या टाकीतल्या वाफा गळतात का, हे गाडी स्वतःच पंप चालवून तपासत असते.

उद्या सकाळी इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीतली पातळी खुणेशी ताडून बघा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, दाबाखालचं कूलंट उसळून अंगावर येतं. पातळी कमी निघाली तर भरा, खूण करा आणि चार दिवसांनी पुन्हा बघून इथे कळवा.