कांद्याचं मूळ, मेंडेलचा वाटाणा आणि 'साधी' बीएस्सी

या महिन्यात आलेले जवळजवळ सगळे प्रश्न बीएस्सी फर्स्ट इयरच्या बायोलॉजीचेच आहेत. कॉलेज सुरू होऊन दोन-अडीच महिने झालेत, पहिल्या टेस्टचे पेपर हातात पडलेत, त्यामुळंच असेल. मी वीसेक वर्षं हेच वर्ग शिकवते म्हणून संपादकांनी गठ्ठा माझ्याकडं दिला. कुणाचं नाव छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

मॅडम, मी लातूरला दोन वर्षं नीटची तयारी केली. बायोत चांगले मार्क होते, फिजिक्सनं घात केला. आता बीएस्सीला ॲडमिशन घेतलंय. वाटलं बायो तर आपलंच आहे, पण पहिल्या टेस्टला 20 पैकी 9 आले. सगळं तर येतंय मला, मग मार्क कामून नाहीत? आणि घरी पाहुणे आले की विचारतात काय करायलीस, बीएस्सी म्हटलं की म्हणतात "साधी का?" लई लागतं मनाला. (अहमदपूर)

पोरी, लागणारच की. दोन वर्षं घरापासून लांब राहून, मेसचं खाऊन, रोज टेस्ट देऊन जे तू पाठ केलंस ते वाया गेलं असं मी मुळीच म्हणणार नाही. नीटच्या 720 मध्ये 360 मार्क बायोचे, म्हणजे निम्मा पेपर, आणि तो तू चांगला काढलास. मग कॉलेजात कुठं अडलं ते सांगते.

नीटमध्ये चार पर्याय समोर असतात, बरोबर कुठला ते ओळखायचं. इथं पर्यायच नसतात. "पेशीविभाजन पाहायला कांद्याच्या मुळाचं टोकच का घ्यायचं, पान का नाही?" असा प्रश्न आला की मुलं प्रोफेज, मेटाफेज, ॲनाफेज, टेलोफेज हे विभाजनाचे सगळे टप्पे धडाधडा लिहून काढतात, दोन पानं भरतात आणि विचारलेलं तेवढं राहून जातं. टोकाशी सतत विभाजन चालू असतं, पानातल्या बहुतेक पेशी मोठ्या होऊन आपापल्या कामाला लागलेल्या असतात, एवढं दोन ओळींत लिहिलं असतं तरी मार्क होते. तुझा पेपर परत काढून बघ, मला वाटतं बऱ्याच ठिकाणी हेच झालेलं दिसेल.

आता एक काम कर, आणि हे खरंच कर. एक कांदा घे, वाळकी मुळं खरडून टाक, पाणी भरलेल्या ग्लासवर असा ठेव की बूड फक्त पाण्याला टेकेल. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं सुटतात. पुढचं लॅबमध्ये, सरांना विचारून, ॲसिडचं काम आहे. सकाळी मुळं कापायची, तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक ॲसिड अशा मिश्रणात एक दिवस ठेवायची, मग सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये जरा कोमट करून मऊ करायची, ॲसिटोकार्माइनचा रंग द्यायचा, वर कव्हरस्लिप म्हणजे पातळ काच, त्यावर ब्लॉटिंग पेपर आणि अंगठ्यानं सरळ दाब. अंगठा फिरवायचा नाही, फिरवला की सगळं चिंधड्या. पहिल्या वेळी बहुतेकांना काहीच दिसत नाही, नुसत्या लांब लांब पेशी ओळीनं लागलेल्या दिसतात. त्याचं कारण म्हणजे मूळ भलतं लांब कापलेलं असतं, विभाजन चालतं ते शेवटच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये, तेवढंच टोक हवं. ते बरोबर घेतलंस ना, की चौकोनी चौकोनी पेशी दिसतील, बहुतेकींत गोल केंद्रक निवांत बसलेलं, आणि मधेच एखादीत शेवयांचा गुंता पडावा तशी लाल गुणसूत्रं. पुस्तकात कशी चार चित्रं स्वच्छ, वेगवेगळी काढलेली असतात, तसं इथं काही नसतं. कांद्यात गुणसूत्रं 16 हे तुला पाठ आहे, आता ती मोजून बघ. मी एमएस्सीला असताना एका स्लाइडवर पूर्ण तास घालवला होता, 14 पर्यंत यायचं आणि पुढं एकावर एक चढलेली, सुटेचनात. त्या दिवशी मला कळलं की हा 16 आकडा कुणीतरी असाच डोळे ताणून मिळवलेला आहे.

जर्नलमध्ये जे दिसलं तेच काढ, शेजारणीच्या वहीतलं नको. गुंता दिसला तर गुंताच काढ आणि खाली लिही की मला गुणसूत्रं इतकीच मोजता आली. चांगला शिक्षक त्याचे मार्क कापत नाही.

राहिला 'साधी'चा प्रश्न. पाहुण्यांना सांग की आता हा चार वर्षांचा कोर्स झालाय, 2024 पासून आपल्या कॉलेजांतही नवीन धोरण लागलं, तीन वर्षांनी डिग्री आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. एवढं सांगूनही ते 'साधी'च म्हणाले तर त्यांना चहा दे आणि तू तुझ्या ग्लासातल्या कांद्याकडं जा.

नमस्कार. माझा मुलगा परभणीला बीएस्सी पहिल्या वर्षाला आहे. मी शेतकरी, शिक्षण दहावी. पोरगं सुट्टीत आलं की रात्री चौकोन आखून वाटाण्याचं गणित मांडतंय, उंच झाड बुटकं झाड करतंय. आमच्या रानात कधी वाटाणा केला नाही, आम्ही कापूस, सोयाबीन, तूरवाले. या शिक्षणाचा आम्हाला काय उपयोग, आणि पुढं त्याला नोकरी लागंल का? (जिंतूर तालुका)

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नोकरीचं शेवटी सांगते, आधी वाटाण्याचं, कारण ते गणित तुमच्या रानातलंच आहे.

मेंडेल नावाच्या पाद्र्यानं मठाच्या बागेत वर्षानुवर्षं वाटाणा लावून हिशोब ठेवला आणि 1866 साली तो छापला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून एक बापाकडून, आणि काही गुण दबून राहतात, दोन्ही चिठ्ठ्या तशाच मिळाल्या तरच वर येतात. आता हे गुलाबी बोंडअळीला लावा. 2002 साली आपल्याकडं बीटी कापूस आला, 2006 ला दोन जीनवालं बियाणं आलं, जीन म्हणजे तीच चिठ्ठी. मातीतल्या एका जिवाणूचा जीन त्या सरकीत घातलेला असतो, त्यामुळं झाडातच अळीला मारणारं प्रथिन तयार होतं. पण लाखो अळ्यांत एखादी अशी निघतेच की जिला त्या प्रथिनानं काही होत नाही. हा तग धरायचा गुण बहुतांशी दबलेला असतो, उंच झाडापुढं बुटकेपणा दबतो ना तसाच. म्हणजे तगलेल्या पतंगाचा जोडा साध्या पतंगाशी लागला तर पिल्लांत एक चिठ्ठी तग धरायची, एक साधी, आणि अशी अळी बीटीवर मरते. पण तगलेल्याला जोडीला तगलेलाच भेटला की सगळी पिल्लं जगणारी.

तर मग साधे पतंग यायचे कुठून? त्याचसाठी त्या पिशवीबरोबर 120 ग्रॅम नॉन-बीटीचं वेगळं पाकीट यायचं, आठवतंय ना. ते कडेनं लावायचं होतं, तिथं साध्या अळ्या जगाव्यात आणि त्यांचे पतंग तगलेल्यांशी जुळावेत म्हणून. बऱ्याच जणांनी ते पाकीट लावलंच नाही, कारण अळीसाठी मुद्दाम झाडं कोण लावणार, आणि हे गणित कुणी नीट बसून समजावलंही नव्हतं. मी त्यात शेतकऱ्याला दोष देत नाही. त्यात ही अळी आपल्याकडं जवळजवळ कापसावरच जगते, हिरव्या बोंडअळीसारखी तूर-हरभऱ्यावर जात नाही, म्हणजे साधे पतंग दुसऱ्या पिकातून येण्याचीही सोय नाही. वर फरदड घेतली, म्हणजे वेचणी संपल्यावरही त्याच झाडांचं पीक लांबवलं, पऱ्हाटी उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवली, म्हणजे अळीला बारमाही घर. 2017 ला या अळीनं जे केलं ते तुम्ही डोळ्यानं पाहिलंय, मी काय सांगू.

तर तुमचं पोरगं रात्री जो चौकोन आखतंय त्यात उंच-बुटक्याच्या जागी 'मरणारी' आणि 'तगणारी' लिहा आणि त्याला म्हणा, समजाव मला. आणि तुम्ही त्याला डोमकळी, आत अळी बसल्यानं न उमललेलं फूल, दाखवा, मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात पतंग कधी वाढतात ते सांगा, ते त्याच्या पुस्तकात इतकं बारकाईनं मिळणार नाही.

सोयाबीनचंही असंच. झाड उपटून मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर जिवाणू कामावर आहेत, हवेतला नत्र झाडाला मिळतोय. तो लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीच्याच पदार्थाचा असतो. गाठ आतून पांढरट, हिरवट निघाली तर तिथं काम चालू नाही.

नोकरीचं खरं सांगते, नुसत्या बीएस्सीवर बायोलॉजीत चांगली नोकरी मिळणं अवघड आहे, कुणी वेगळं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. एमएस्सी लागतं, नाहीतर बीएड करून शिक्षक, नाहीतर स्पर्धा परीक्षा, वनसेवेला हे विषय चालतात. चांगल्या संस्थेत एमएस्सी करायचं तर जॅम किंवा सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि त्याची तयारी दुसऱ्या वर्षापासून धरावी. परभणीला कृषी विद्यापीठ आहेच, 1972 पासूनचं, त्याला म्हणावं तिथल्या शेतकरी मेळाव्याला तुमच्यासोबत जाऊन ये, कपाशीच्या प्लॉटजवळ उभं राहून तिथल्या शास्त्रज्ञांना प्रश्न विचार.

मी मराठी मिडियमचा. सर सगळं इंग्लिशमध्ये शिकवायलेत, डोक्यावरून जायलंय. प्लॅटिहेल्मिंथिस, आर्थ्रोपोडा, असले शब्द कसे पाठ करू? (किनवट)

पाठ करू नको, फोड. हे शब्द मुळात इंग्रजीही नाहीत, ग्रीक-लॅटिन आहेत, इंग्रजी मिडियमच्या पोराला पण ते तितकेच परके. प्लॅटी म्हणजे चपटं, हेल्मिंथ म्हणजे कृमी, झाले चपटे कृमी. आर्थ्रो म्हणजे सांधा, पोड म्हणजे पाय, आपलं संधिपाद. संधिपाद म्हटलं की खेकडा, विंचू, झुरळ, टोळ डोळ्यासमोर उभे राहतात, सगळ्यांचे पाय सांध्यासांध्यांचे. माझा अनुभव असा आहे की मराठी मिडियमची मुलं पहिल्या सेमला मागं पडतात पण ज्यांनी मराठी शब्द सोडला नाही त्यांना विषय जास्त पक्का कळतो, तंतुकणिका, हरितलवक, पेशीभित्तिका, या शब्दांतच अर्थ भरलेला आहे. वहीत तीन रकाने कर, इंग्रजी शब्द, फोड, मराठी शब्द, रोज पाच. पेपर इंग्रजीत लिहायचा असेल तर छोटी वाक्यं लिही, विचार मराठीतच कर.

आणि नमुने बाहेरच आहेत. कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांसारखी अमरवेल पसरलेली असते ना, पान नाही, जमिनीत मूळ नाही, दुसऱ्याच्या खोडात शोषकमुळं घुसवून जगते. नाल्याकडंची बेशरम आणि ही अमरवेल एकाच कुळातल्या आहेत, कन्व्हॉल्व्ह्युलेसी. हे एकदा जागेवर जाऊन पाहिलंस की ते कुळ परत विसरणार नाहीस.

मुलीनं झूलॉजी घेतलंय. आमचं घर माळकरी आहे. बेडूक कापावा लागतो म्हणतात, तिला आणि आम्हालाही ते जमणार नाही. विषय बदलावा का? (पैठण)

नाही बदलायचा. यूजीसीनं 2014 मध्येच कॉलेजांतली ही कापाकापी बंद करायला सांगितलं, आता मॉडेल, चार्ट, कॉम्प्युटर आणि जुने जपून ठेवलेले नमुने यांवर शिकवतात. आणि ताई, तुम्ही पैठणला राहता, नाथसागरावर हिवाळ्यात केवढे पक्षी उतरतात. दुर्बीण नसली तरी चालेल, सकाळी तिला काठावर घेऊन जा, कुठला पक्षी चिखलात चोच खुपसतो आणि कुठला पाण्यात बुडी मारतो एवढं जरी लिहून आणलं तरी ती झूलॉजीच आहे.

आमच्या कॉलेजात 40 जणांत चारच मायक्रोस्कोप, एकाला दोन मिनिटं मिळतात. प्रॅक्टिकल कसं शिकायचं? (धारूर)

हे चूकच आहे आणि त्याबद्दल तुम्ही सगळ्यांनी मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, प्रॅक्टिकलचे क्रेडिट असतात, ते तास तुमचे हक्काचे आहेत. तोवर दोन मिनिटं आली की आयपीसला, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगाला, मोबाइलचा कॅमेरा लावून फोटो घ्या, चित्र त्यावरून सावकाश काढता येतं. फोल्डस्कोप म्हणून कागदाचा मायक्रोस्कोप मिळतो, मनु प्रकाश या शास्त्रज्ञानं त्याच्या टीमसोबत बनवलेला, साधारण 140 पट मोठं दाखवतो, तीन-चार मित्र मिळून घेऊ शकता.

आणि बघायला काय? घरी कडबा असेलच. ज्वारीच्या कडब्याचे तुकडे पाण्यात उकळा, गार करा, एक-दोन दिवस तसंच ठेवा आणि मग त्यात डबक्याचं नाहीतर जुन्या विहिरीचं चमचाभर पाणी टाका. आधी जिवाणू वाढून पाणी गढूळ होतं, वास येतो, फेकून देऊ नका. आठवडाभरात त्या जिवाणूंना खाणारे जीव वाढतात. वरच्या साईतला एक थेंब घ्या. पॅरामेशियम निघालं तर चपलेच्या तळव्यासारखं दिसेल, पण इतकं पळतं की नजर ठरत नाही. त्यावर उपाय, बोंडातला कापूस चिमूटभर पिंजून त्याचे चार तंतू थेंबात ठेवा आणि वर कव्हरस्लिप, तंतूंच्या जाळ्यात ते अडतं आणि मग कडेचे हलणारे केससुद्धा नीट पाहता येतात.