शिरवाळ्यांचा शेवगा आणि तुझ्या नूडल्स

बाय,

तुझा व्हॉइस मेसेज काल नाइट ड्युटी संपवून बसमध्ये ऐकला, दोनदा ऐकला. तू कुडाळहून आणलेल्या राइस नूडल्स उकडल्यास, त्यात नारळाचा रस, आमसुलं, हिरवी मिरची आणि सोया सॉस घातलास, बाबांनी दोनदा मागून खाल्लं आणि आजी एक घास खाऊन म्हणाली, "बरा लागता, पण ह्या आपला न्हय." मग तू मला विचारलंस की आई, तू सिंगापूरला चिनी मिरी घालून बांगडा करतेस तो आपला आणि माझ्या नूडल्स आपल्या नाहीत असं कसं, मग आपलं म्हणजे नक्की काय. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं हे नाही म्हणून लिहिते, आजीला पण वाचून दाखव.

आधी बांगड्याचं. इथे बांगडा सहज मिळतो, मलय लोक त्याला कम्बोंग म्हणतात, लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटात बर्फावर ढीग असतात. पहिल्या वर्षी मी आणलेली तिरफळं दिवाळीपर्यंतच संपली आणि तिरफळाशिवायची बांगड्याची आमटी मला घशाखाली उतरेना. एकदा चिनी दुकानात बरणीत लालसर टरफलं दिसली, उकलून फुटलेली, आत काळी बी, मी एक चावून बघितली तर जिभेला त्याच मुंग्या! दुकानात उभ्या उभ्या डोळ्यात पाणी आलं माझ्या. ती सेचवान मिरी. नंतर वाचलं तेव्हा कळलं की ते झाड आणि आपल्या परसातलं काटेरी तिरफळ दोन्ही एकाच कुळातली, शास्त्रीय नाव झँथोझायलम. बी पण आपल्यासारखीच काढून टाकायची, दाताखाली वाळूसारखी कचकचते. माझी चिनी मैत्रीण ती टरफलं कोरडी भाजून पूड करते, मी भाजत नाही. आजी तिरफळं कशी जरा ठेचून, वाटप उकळायला लागलं की वरून सोडते, तशीच मी सोडते. फोडणी नाही, लसूण नाही. चिनी मिरी जीभ जास्त बधिर करते म्हणून जरा कमीच घालते. बाकी ओला नारळ, धणे, हळद, सुक्या मिरच्या हे वाटप तेच. ओलं खोबरं इथे बाजारात ताजं किसून मिळतं, रस पण काढून देतात, त्यामुळे डब्यातला रस मी फारसा वापरत नाही, त्याला उकळताना एक वेगळाच वास येतो.

आमसुलाचं पण तसंच झालं. इथे आसाम केपिंग म्हणून सुकवलेले काप मिळतात, आसाम म्हणजे मलय भाषेत आंबट. पाकिटावर चिंचेचे काप असं लिहिलेलं असतं पण चिंचेचा त्यात काही संबंध नाही, ते आपल्या कोकमाच्या नात्यातलं फळ आहे, दोन्ही गार्सिनिया. आमटीत दोन काप घातले की छान काम होतं. सोलकढीत मात्र नाही जमत, रंग येतच नाही आणि आमसुलाचा तो खारट आंबटपणा पण नाही. काहीजण बीट घालून गुलाबी करतात, मला ते मुळीच पटत नाही, रंगासाठी बिटाची चव कशाला पोटात घालायची. माझी सोलकढी आगळाचीच, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, आणि आगळ संपलं की मी सोलकढी करतच नाही.

आता आजीला एक विचार, म्हणजे भांडू नको, सहज विचार. चैत्र-वैशाखात ती आमटीला कैरी घालते, पावसात मागच्या बिंबलाची फळं काढून घालते, एरवी आमसूल, आणि तेलात तळायच्या तुकड्यांना कधी कधी चिंच लावते. हे आंबट बदलत असताना ती आमटी आपली नाही असं ती कधी म्हणाली का? आणि ते बिंबल मूळचं आपलं नाहीच, आग्नेय आशियातलं झाड ते, इथे त्याला बेलिंबिंग म्हणतात आणि इथल्या बायका पण ते माशात घालतात! मला इथे ते बाजारात दिसलं तेव्हा मी विकणारीला हाताने खुणा करून सांगितलं की आमच्या दारात आहे हे.

मिरचीचं तर तुला शाळेतच सांगितलं असेल. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं, मिरची, काजू, बटाटा हे सगळं अमेरिकेतून त्यांच्या जहाजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आलं. काजू आणि बटाटा हे शब्दसुद्धा त्यांचेच. त्याच्या आधी आपल्याकडे तिखट म्हणजे काळी मिरी. म्हणजे मालवणी मसाला आज ज्या मिरचीवर उभा आहे ती एकेकाळी कुणाच्या तरी आजीला परकी वाटली असणार, आणि तिनेच कधीतरी ती पाट्यावर घेतली, धणे आणि नारळाबरोबर वाटली, आणि मग ती आपली झाली. मला वाटतं आपलं म्हणजे हे वाटणं. वस्तू कुठूनही येऊ दे, ती आपल्या पाट्यावरून गेली पाहिजे, आंबट कधी सोडायचं, रस कधी घालायचा, उतरवायचं कधी हे हाताला माहिती पाहिजे.

म्हणून तुझ्या नूडल्सबद्दल सांगते, आणि इथे आजीचं अर्धं बरोबर आहे बाय. तू रस घातलास आणि मग खळाखळा उकळलंस ना? तू म्हणालीस की वर पाणी आणि खाली चोथा झाला, तो रस फुटला. आधी पातळ रस, म्हणजे दुसऱ्यांदा पिळलेला, त्यात मिरची-आलं उकळायचं, आमसुलं शेवटी टाकायची आणि जाड रस गॅस बारीक करून, घातल्यावर एक वाफ आली की उतरवायचं. सोया सॉस खारट, आमसूल खारट, तू वर मीठ पण घातलंस, म्हणून आजीने पाणी मागितलं असणार. सॉस अर्धा चमचाच घाल आणि मीठ शेवटी चाखून. दोन तिरफळं टाकून बघ, मला वाटतं फार छान लागेल, बरोबर सुकवलेला जवळा भाजून वरून भुरभुरला तर आणखीनच. इथे लाक्सा म्हणून प्रकार मिळतो, तांदळाच्या नूडल्स नारळाच्या रसात, खाली सुक्या कोळंबीचं वाटण, मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला जवळ्याचाच वास आला.

आणि नूडल्स विकत कशाला आणल्यास? माळ्यावर आजीचा शेवगा आहे, शेवया पाडायचा लाकडी साचा, दोन्ही बाजूंनी धरून दाबायचा, बहुतेक जुन्या गोणपाटात गुंडाळून ठेवलाय. तांदळाच्या पिठाची उकड काढून, गोळे उकळत्या पाण्यात शिजवून, गरम गरम शेवग्यात घालून दाबले की शिरवाळे पडतात. शिरवाळे म्हणजे काय गो, तांदळाच्या नूडल्सच! आपण त्या गुळाच्या आणि नारळाच्या रसात बुडवून खातो, तू लहान असताना वाटीभर खाऊन झोपायचीस. इथे टेक्काला एक तमिळ बाई पुटू मायम विकते, त्याच तांदळाच्या शेवया, वर ओलं खोबरं आणि साखर, मी महिन्यातून एकदा नाश्त्याला घेते आणि त्या दिवशी कुणाशी बोलत नाही. तर आजीला सांग की शेवगा काढूया, गोळे तिने करायचे, दाबायचं काम बाबांचं कारण त्याला जोर लागतो, अर्धे शिरवाळे गुळाच्या रसात आणि अर्धे तुझ्या तिखट रसात. मग बघ ती काय म्हणते ते. न्हय म्हणाली तरी चालेल, तिला म्हणू दे, पण तिच्याकडून उकड नीट शिकून घे, पाण्याचं माप ती सांगत नाही, हात घालून दाखवते, तेव्हा व्हिडिओ न करता शेजारी बसून बघ.

गौरीला मी पातोळ्या केल्या होत्या ते सांगायचं राहिलं. हळदीची पानं इथे मिळतात, मलय लोक रेंदांगमध्ये चिरून घालतात ती. नारळ, गूळ, वेलची, सगळं जमलं, फक्त तांदळाचं पीठ जरा चिकट निघालं. खोलीत तो वास आला तेव्हा मी खिडकी बंद करून ठेवली, जाऊ नये म्हणून.

बाबांचे मित्र येत्या महिन्यात इकडे येतायत, त्यांच्याकडे नवीन तिरफळं पाव किलो दे, नीट वाळलेली, बिया काढलेली, आणि पिशवीत नको, स्टीलच्या डब्यात, नाहीतर त्यांच्या कपड्यांना वास लागेल. आगळाची बाटली दोन प्लास्टिकमध्ये गुंडाळ, गेल्या वेळी माझ्या बॅगेत सांडली होती. आणि शेवग्याचा फोटो पाठव, खालची जाळी गंजली असेल तर आधी चिंचेने घास.

आई