कारच्या पॉवर विंडोलाच डासांची जाळी बसवून मिळते का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना डायलिसिसला आत सोडलं की चार तास गाडीतच काढावे लागतात, एसी लावून बसणं परवडत नाही, काच खाली केली की डास फोडून काढतात. तर बटण दाबलं की काच खाली आणि तिच्या जागी जाळी, अशी सोय पुण्यात कुठे करून मिळेल का. आणि तुम्हाला आधीच कोणीतरी "एसी लावा ना राव, एवढं काय" असं सांगून मोकळं झालंय. ते वाचून डोकं फिरलं, म्हणून हे लिहितोय.

मिळत नाही. नाना पेठेत हिंडलात तर "करून देतो साहेब" म्हणणारा एखादा भेटेलही. त्याला डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं कव्हर, खोलू देऊ नका.

मी भोसरीत दारांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत होतो. विंडो रेग्युलेटर, म्हणजे गॅरेजवाल्यांचं काच मशीन. तुम्ही विचारताय तशी जाळी मी स्वतः करून बघितली आहे, आणि ती चालली होती. हे आधी सांगून ठेवतो, कारण "असं होऊच शकत नाही" म्हणणारे पुढे भेटतील तुम्हाला.

आमच्याकडे सजेशन स्कीम होती. दर महिन्याला प्रत्येकाने काहीतरी सुचवायचंच. बहुतेक जण "इथे कचऱ्याचा डबा ठेवावा" छापाचं लिहून सुटायचे. मला विषय दिला तो कंपनीच्या ड्रायव्हरमामांनी. मामा साहेबांना घेऊन लोहगावला, चाकणला, कधी मुंबईला जायचे आणि मग वाट बघत बसायचे. उभ्या गाडीत एसी लावायचा नाही असा नियम, डिझेलचा हिशोब द्यावा लागायचा. एका पावसाळ्यात त्यांना डेंगी झाला. बरे होऊन कामावर आले तेव्हा टपरीवर चहा पिताना म्हणाले, "तुम्ही लोक काच वरखाली करायचं मशीन बनवता ना, मग त्याच मशीनवर एक जाळी चढवायला काय धाड भरते?"

धाड काय भरते ते ऐका. काच उतरते ती दाराच्या पोटात, आणि तिथे आधीच गर्दी आहे. रेग्युलेटर, मोटर, लॉक, स्पीकर, शिवाय बाजूने कोणी ठोकलं तर तुम्हाला वाचवणारी आडवी बीम. जाळीची वेगळी चौकट खालून वर आणायची तर तिला दुसरी मोटर, दुसरं चॅनेल आणि काचेशेजारी जागा हवी. काच सपाटही नसते, बाहेरून फुगीर असते, म्हणजे चौकटीलाही तीच गोलाई आली. वर दाराच्या पोटात पाणी जातं. जाणारच. बाहेरची बिडिंग, म्हणजे काच दारात शिरते तिथली रबरी पट्टी, थोडं अडवते, उरलेलं आत उतरतं आणि बुडाच्या भोकांतून निघून जातं. (दार लावताना खळखळ आवाज येत असेल तर ती भोकं मातीने बुजलीत, काडी घालून मोकळी करा.) अशा ओलीत जाळी गुंडाळून ठेवलीत तर दसऱ्यापर्यंत बुरशी धरलीच समजा.

म्हणून मी जाळी वरून आणली. स्क्रॅपमधून एका हॅचबॅकचं मागचं दार उचललं. मागचंच का, तर मागच्या दारात कोपऱ्यात एक त्रिकोणी काच पक्की बसवलेली असते. खाली चाकाची कमान आडवी येते, तेवढ्या रुंदीची काच पोटात मावत नाही, म्हणून ती वेगळी काढतात. त्यामुळे उरलेली हलणारी काच बऱ्यापैकी चौकोनी असते आणि चौकोनी जाळी तिला झाकते. दाराच्या वरच्या फ्रेमला आतून बोटभर जाडीचा स्प्रिंगचा रोलर लावला, त्यावर जाळी, आणि जाळीची खालची पट्टी काचेला अडकवलेली. काच खाली जाताना जाळीला ओढत नेते, वर येताना स्प्रिंग गुंडाळून घेतं. तीच मोटर, तेच बटण, वायरिंगला हातसुद्धा लावला नाही.

आता "काचेला अडकवलेली" हे लिहायला सोपं. दाराची काच टफन्ड असते, तिला नंतर भोक पाडता येत नाही, ड्रिल टेकवलं की सगळी खडीसाखर होऊन पायाशी येते. वरच्या कडेला क्लिप लावली तर कड रबरात नीट बसत नाही, मग साठच्या पुढे शिट्टी वाजते आणि पावसात मांडीवर थेंब. शेवटी विंडशील्डला आरसा ज्या गोंदाने चिकटवतात त्या गोंदाने काचेच्या आतल्या अंगाला, कडेपासून बोटभर खाली, दोन लहान कान चिकटवले. ते कान आतल्या बिडिंगवर अडायला लागले, म्हणून काच थोडी अलीकडेच थांबेल असा स्टॉपर दिला. उरलेला भाग काचच झाकते, बिघडलं काय?

जाळी आधी नायलॉनची घेतली होती, तिला मध्ये झोळ यायचा. मग बोहरी आळीतून घराच्या खिडक्यांची फायबरची जाळी आणली. दोन्ही बाजूंना पेन्सिल जाईल एवढी फट राहत होती, आणि डासाला तेवढी म्हणजे महाद्वार. तिथे सरकत्या खिडक्यांना असते ती केसाळ पट्टी चिकटवली. मग ते दार कंपनीच्या त्याच मॉडेलच्या जुन्या गाडीला चढवलं, गाडी गेटबाहेर नाल्याच्या कडेला लावली आणि मामांना म्हटलं, झोपा. मामा शिफ्टचा भोंगा वाजेपर्यंत झोपले.

साहेबांसमोर मांडलं तर ते हसले. "एसीच्या जमान्यात काच उघडतो कोण? गिऱ्हाईक मागत नाही ते आपण का करायचं?" त्या महिन्याचं बक्षीस ट्रॉलीच्या चाकांना पिवळा रंग द्यावा या सूचनेला मिळालं.

हेही एक वेळ चाललं असतं. पुढे एकदा बाहेरून एक बडे पाहुणे आले, भारीतली जर्मन गाडी. मागच्या दाराचं बटण दाबलं की दारातून जाळीचा पडदा आपोआप वर येतो. साहेबांनी आम्हाला सगळ्यांना पार्किंगमध्ये बोलावून तो पडदा वरखाली करून दाखवला. "याला म्हणतात इंजिनिअरिंग." मी म्हटलं, साहेब, मोटर तीच, जाळी तीच, आणि हिच्या तर कडाही बंद नाहीत, डास आरामात आत येईल. फरक एवढाच की ही जाळी मागे बसणाऱ्याच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून आहे आणि माझी ड्रायव्हरला डास चावू नयेत म्हणून होती. यावर उत्तर काय आलं, तर "तुम्ही फार मनाला लावून घेता."

घेतोच. कारण सगळं अडतं ते इथेच. अशा जाळीची पेटंटं अमेरिकेत निघालेली आहेत, कल्पना काही माझ्या एकट्याची नाही. युरोपातल्या कॅम्पर व्हॅनमध्ये तर जाळी आणि पडदा खिडकीच्या चौकटीतच येतात, हाताने ओढायचे. तिथे ते सोपं जातं कारण ती खिडकी वरच्या बिजागरीवर बाहेर उघडते आणि आतली बाजू जाळीला मोकळी राहते. पण मुद्दा तो नाही. कॅम्परमध्ये गाडी विकत घेणारा स्वतः गाडीत झोपतो. आपल्याकडे गाडी घेणारा एसी हॉलमध्ये जेवत असतो आणि गाडीत बसलेल्याला कोणी विचारत नाही. शोरूममध्ये सनरूफ विचारतात, उभ्या गाडीत वारा कसा येईल हे विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीला पुढच्या दारात फिरवायची त्रिकोणी काच होती, वाऱ्याच्या दिशेने वळवली की आत झोत यायचा. ती गेली, तेव्हाही कोणी हूं की चूं केलं नाही.

साहेब अजून सकाळी तळजाईवर भेटतात. अजून तेच: एसी म्हणजेच व्हेंटिलेशन. अहो, कसलं व्हेंटिलेशन? आपल्याकडे बहुतेक लोक रिसर्क्युलेशनचं बटण दाबून बसतात, म्हणजे आतलीच हवा गार करून परत आत. बाहेरची हवा घ्यायचं बटण शेजारीच असतं. ते दाबून नुसता ब्लोअर लावला तर काचा बंद असूनही हवा बदलते, कारण मागच्या बंपरच्या आड रबरी झडपांची भोकं असतात, तिथून जुनी हवा निघते. हा उपाय तुम्हालाही चालेल, इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन. केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, असेल तर डासही येत नाही. फक्त छोट्या गाडीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-अवरची असते, चार तास सलग ब्लोअर चालवलात तर वडील बाहेर आल्यावर धक्का मारायला माणसं शोधावी लागतील. पंधरा-वीस मिनिटं लावा, बंद करा.

आणि एसी लावून झोपायचा सल्ला देणाऱ्यांना लांबून नमस्कार करा. उभी पेट्रोल गाडी एसीसकट तासाला लिटरभर पिते हा नुसता पैशाचा भाग झाला. बेसमेंट पार्किंगमध्ये सायलेन्सरचा धूर साचतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठत नाही. हे साहेबांनाही मी सांगितलंय. ते म्हणतात, बीएस सहाच्या, म्हणजे धुराच्या नव्या नियमांत बसणाऱ्या गाड्यांत तसं होत नाही. होऊ शकतं. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुरातला विषारी वायू कमी करतो, शून्य करत नाही, आणि जुना झाला की तेवढंही करत नाही.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. माझं दार बघून तुम्ही कोणाकडून तसं करून घ्याल, तर घेऊ नका. मी दार चढवलं त्या कंपनीच्या गाडीच्या मागच्या काचा साध्या होत्या, बटण धरून ठेवायचं तेवढ्याच चालायच्या. तुमच्या ड्रायव्हर साइडला एका टचमध्ये वर जाणारी काच असेल तर तिला बहुतेक अँटी-पिंच असणार. युरोपातल्या नियमाप्रमाणे 4 ते 200 मिलिमीटरच्या फटीत काहीही अडकलं तर 100 न्यूटन जोर लागायच्या आत काच उलटी फिरायला हवी. हे ओळखायला मोटरवर नेहमी किती ताण येतो ते मशीनने लक्षात ठेवलेलं असतं. तुम्ही त्यात जाळी, स्प्रिंग, नवं रबर असं काही घातलंत की हिशोब चुकतो. एक तर काच उगाच अर्ध्यातून परत येते, नाहीतर ज्या दिवशी यायला पाहिजे त्या दिवशी येत नाही. घरात लहान मूल असेल तर हा खेळ नकोच.

तुमच्यासाठी चांगली वस्तू म्हणजे मोज्यासारखी चढणारी जाळी. दार उघडायचं, वरच्या फ्रेमवरून खाली खेचायची, दार लावायचं. जाळी काचेच्या बाहेर राहते, काच आत आपली आपण बटणावर वरखाली होते. झालीच की पॉवर विंडोला जाळी! पुढच्या दाराला आरसा मध्ये येतो, म्हणून मागच्या दोन्ही दारांना घ्या. दोन्ही म्हणजे दोन्ही. एकाच बाजूची काच उघडून हवा खेळत नाही, आणि जाळीने वारा निम्मा मरतो हे धरूनच चाला. संध्याकाळी वाऱ्यासाठी गाडीची कूस पश्चिमेकडे राहील अशी लावता आली तर उत्तम. मॅग्नेटवाल्या तयार जाळ्या मिळतात त्या उन्हासाठी ठीक, कडेने डास येतो.

काही गोष्टी राहिल्या. गाडी चालवताना जाळी काढून ठेवा. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली तेव्हा फिल्म "किंवा अन्य काही" काचेवर नको असंच म्हटलं होतं. चौकात हवालदाराला जाळी आणि फिल्म यातला फरक समजावत बसायची तुमची इच्छा असेल तर गोष्ट वेगळी. दुसरं, ही सोय सावलीत आणि संध्याकाळी. 2005 साली अमेरिकेत अभ्यास झाला होता, उन्हात उभ्या बंद गाडीचं आतलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंशांनी वाढलं, त्यातलं बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात, आणि काच थोडी खाली ठेवून काही फरक पडला नाही. एप्रिल-मेच्या दुपारी तुम्ही माझी जाळी लावा नाहीतर जर्मन लावा, आत जाऊन बाकावर बसा. तिसरं, डेंगीचा डास दिवसा चावतो, तेव्हा उजेड आहे म्हणून जाळी वर करून बसू नका.

जाळी सीट कव्हर शिवणाऱ्याकडून शिवून घ्या, दाराचं माप त्यालाच घेऊ द्या, खालच्या बाजूला इलॅस्टिक घालायला सांगा. आणि काळी जाळी घ्या, पांढरी नको. पांढरी उजेडात चमकते आणि पलीकडचं दिसत नाही, आणि वॉर्डबॉय तुम्हाला शोधत पार्किंगमध्ये आला तर तो तुम्हाला दिसला पाहिजे.